रोझेनहानचे खोटे रुग्ण: एका गाजलेल्या प्रयोगाची उलटतपासणी

मागच्या वेळी आपण मानसिक आजारांकडे बघण्याचे वेगवेगळे दृष्टिकोन पाहिले. आज एकच शोधनिबंध घेऊ आणि तो जरा कसून तपासू. डेव्हिड रोझेनहान हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. त्यांचा हा निबंध १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तो माहीत असेल. रोझेनहान धरून आठ धडधाकट माणसं बारा मनोरुग्णालयांत गेली. तक्रार एकच: आवाज ऐकू येतात. 'रिकामं', 'पोकळ', 'धप्' असे काहीतरी शब्द. नाव आणि व्यवसाय बदलले, बाकी आयुष्याची माहिती खरी दिली. सगळे दाखल झाले. एक अपवाद सोडला, तर सगळ्यांचं निदान छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया. आत गेल्यावर ते अगदी नेहमीसारखे वागले, तरी सुटायला ७ ते ५२ दिवस लागले. सरासरी १९ दिवस. कर्मचाऱ्यांना संशय आला नाही; खऱ्या रुग्णांना मात्र आला. पहिल्या तीन वेळच्या मुक्कामांत ११८ पैकी ३५ रुग्णांनी तो बोलून दाखवला.

गोष्ट म्हणून ही फर्मास आहे. आम्ही शिकवणाऱ्यांनीही ती वर्षानुवर्षं गोष्टीसारखीच सांगितली आणि वर्गात हशा मिळवला. पण पुरावा म्हणून ती किती टिकते?

पहिला आक्षेप तेव्हाच आला. मनोविकारतज्ज्ञ सीमोर केटी म्हणाले, समजा मी गुपचूप रक्त प्यायलो, दवाखान्यात जाऊन ते ओकलो, आणि डॉक्टरांनी पोटात अल्सर आहे असं ठरवलं, तर वैद्यकशास्त्र खोटं ठरतं का? रुग्ण खोटं बोलला तर निदान चुकणारच. १९७५ मध्ये रॉबर्ट स्पिट्झर यांनी आणखी एक मुद्दा काढला. या मंडळींना सोडताना निदानापुढे 'लक्षणं ओसरलेली' असा शेरा मारला होता. खऱ्या रुग्णांना घरी पाठवताना हा शेरा क्वचितच मिळतो. म्हणजे डॉक्टरांना काहीतरी वेगळं दिसलं होतं!

हे झालं तर्काचं. खरा धक्का २०१९ मध्ये बसला. सुझाना कॅहलन या पत्रकाराचं 'द ग्रेट प्रिटेंडर' हे पुस्तक आलं. लक्षात घ्या, या बाई मनोविकारतज्ज्ञांच्या वकील नव्हेत. मेंदूच्या दाहाचा आजार असताना त्यांना स्वतःलाच मानसिक आजाराचा शिक्का बसण्याची वेळ आली होती. रोझेनहान त्यांना आपल्या बाजूचे वाटत होते. म्हणूनच त्या बाकीच्या खोट्या रुग्णांचा शोध घेत निघाल्या.

त्यांना रोझेनहान यांच्या १९६९ सालच्या मुक्कामाची रुग्णालयातली नोंद मिळाली. निबंध म्हणतो, आवाजांपलीकडे लक्षण सांगितलं नाही. नोंदीत मात्र, आवाज थांबावेत म्हणून कानांवर तांब्याची भांडी धरली, आत्महत्येचे विचार येतात, असंही लिहिलंय. आता सांगा, असं सांगणाऱ्या माणसाला तुम्ही घरी पाठवाल का? त्याला दाखल करून घेणं हा हलगर्जीपणा नव्हे, जबाबदारीच आहे.

आणि बाकीचे? रोझेनहान सोडून आठांपैकी एकाचाच त्यांना ठाम माग लागला. शिवाय एक नववा होता, ज्याची माहिती निबंधातून वगळलेली. कारण तळटीपेत दिलंय: त्याने आपल्या आयुष्याबद्दल खोटं सांगितलं, त्यामुळे त्याचं वागणं इतरांसारखं राहिलं नाही. हा नववा म्हणजे हॅरी लँडो. त्याला रुग्णालयातला अनुभव चांगला आला होता. म्हणजे संशोधकाने ठरल्याबाहेर जास्त लक्षणं सांगितली तरी तो प्रयोगात राहिला, आणि नियम मोडला म्हणून नेमका समाधानी माणूस बाहेर गेला.

संशोधनपद्धतीचा धडा इथे आहे. सहभागी निरीक्षणात निरीक्षक हेच मोजण्याचं साधन असतं. ते साधन तपासायची सोय नसेल, नावं गुप्त, नोंदी गुप्त, तर वाचकाच्या हाती फक्त विश्वास उरतो. 'सायन्स'मध्ये छापून आलं म्हणून ही उणीव भरून निघत नाही.

मग रोझेनहान फेकून द्यायचे का? नाही. शिक्का पुसला जात नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हे. पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून आज कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असं आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याला स्पष्ट लिहावं लागलं, ते उगाच नाही. 'याला येरवड्याला पाठवा' असं आपण पुण्यात सहज म्हणतो, तेव्हा हाच शिक्का हातात असतो.

पण खऱ्या तक्रारीला कच्चा पुरावा जोडला की नुकसान तक्रारीचंच होतं. आणि दुसरं नुकसान जास्त जवळचं आहे. 'निदान वगैरे सगळं थोतांड' एवढंच या प्रयोगातून घेऊन कुणी घरी गेलं आणि घरातल्या आजारी माणसाची औषधं बंद केली, तर?

तेव्हा परीक्षेत रोझेनहान जरूर लिहा. आठ, बारा, एकोणीस हे आकडे लिहा. पण त्याखाली दोन ओळी जास्त लिहा: हे आकडे कुणी मोजले, आणि ते दुसऱ्या कुणाला पडताळता आले का. पुढच्या वेळी निदानाचे निकष कसे बदलत गेले ते पाहू.