चाहत्यांच्या हाती राहिलेला बडी हॉली

बडी हॉली या अमेरिकी रॉक अँड रोल गायकाचा ध्वनिमुद्रणाचा सगळा काळ जेमतेम तीन वर्षांचा. १९५६च्या जानेवारीत नॅशव्हिलला पहिले व्यावसायिक ध्वनिमुद्रण झाले, १९५७च्या उन्हाळ्यात ‘दॅट्ल बी द डे’ या गाण्याने देशभर नाव झाले आणि ३ फेब्रुवारी १९५९ रोजी मध्यरात्रीनंतर विमान अपघातात तो गेला. तेव्हा त्याचे वय २२ होते. या गोष्टीला आता ६५हून अधिक वर्षे झाली. तो जितका जगला, त्याच्या जवळजवळ तिप्पट काळ त्याची आठवण जगली आहे.

ही आठवण कोणी जपली, नेमके काय जपले आणि जपताना तिच्यात काय मिसळले, हा या लेखाचा विषय आहे. हॉलीची चरित्रे बरीच आहेत. त्याच्या चाहत्यांकडे मात्र बहुधा कौतुकाने, नाहीतर किंचित हसून पाहिले जाते. माझे म्हणणे असे, की हॉलीच्या बाबतीत संशोधनाचे आणि पाठचिकित्सेचे जे काम व्हायला हवे होते, ते मुख्यतः या हौशी माणसांनीच केले. आणि त्याच्याभोवतीच्या भाकडकथा रुजल्या, त्याही याच माणसांत. दोन्हींचे मूळ एकाच प्रेमात आहे. म्हणूनच त्या वेगळ्या करणे अवघड आहे, आणि आवश्यकही.

आधी गाणे

चार्ल्स हार्डिन हॉली टेक्सासमधल्या लबक या गावी ७ सप्टेंबर १९३६ रोजी जन्मला. कुटुंबाच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ई’ जास्त आहे. १९५६च्या करारपत्रात ते अक्षर गळले आणि गळलेलेच नाव जगभर झाले. लबकच्या दफनभूमीतल्या त्याच्या दगडावर मात्र ते अक्षर परत आले आहे. घरच्यांचा मुलगा आणि जगाचा गायक यांच्यात एका अक्षराचा फरक आहे, आणि चाहत्यांना तो पाठ असतो.

त्याची बहुतेक महत्त्वाची गाणी न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस या आडगावी, नॉर्मन पेटी यांच्या स्टुडिओत झाली. तिथे तासावर पैसे मोजावे लागत नसत. त्यामुळे करून पाहायला वेळ मिळे. ‘एव्हरीडे’मध्ये ढोल नाहीच. ढोलवादक जेरी ॲलिसन मांड्यांवर थापा मारतो, आणि वर लहान घंटांसारखा आवाज येतो तो पेटी यांच्या पत्नीने वाजवलेल्या चेलेस्टाचा. ‘नॉट फेड अवे’मधला ठेका पुठ्ठ्याच्या खोक्यावर धरलेला आहे. ‘वर्ड्स ऑफ लव्ह’मध्ये हॉली स्वतःच्याच आवाजाला स्वतःच जोड देतो. एकावर एक आवाज चढवण्याचे हे तंत्र त्या काळी रॉकमध्ये दुर्मीळ होते.

आवाजाविषयी लिहिताना सगळेच त्याच्या ‘उचकी’चा उल्लेख करतात. शब्दाच्या मधोमध आवाज क्षणभर तुटतो, उडतो आणि पुन्हा जागेवर येतो. माझ्या मते तिचे महत्त्व लकबीपुरते नाही. एल्व्हिस प्रेस्ली गाताना स्वतःविषयी शंका घेत नाही. हॉलीची नायिका त्याचे ऐकेल की नाही, हे त्यालाच ठाऊक नसते, आणि आवाजाचे तुटणे म्हणजे ही अनिश्चितताच. जाड काळ्या चौकटीचा चष्मा, साधा चेहरा आणि असा आवाज. मोठमोठ्या नटांसारखे न दिसणाऱ्या मुलांना हा माणूस आपल्यातला वाटला. लिव्हरपूलमध्ये जॉन लेनन या मुलाला चष्म्याची लाज वाटत असे. हॉलीला पाहून ती कमी झाली, असे पॉल मॅकार्टनी यांनी अनेकदा सांगितले आहे. लेनन-मॅकार्टनी यांच्या पोरवयातल्या टोळीने १९५८ साली पदरचे पैसे घालून पहिली तबकडी मुद्रित केली, तेव्हा तिच्या एका बाजूला हॉलीचेच ‘दॅट्ल बी द डे’ होते.

शेतातली जत्रा

अपघाताची हकीकत थोडक्यात अशी. भर थंडीत ‘विंटर डान्स पार्टी’ नावाचा दौरा मध्य-पश्चिम अमेरिकेत फिरत होता. बसमधली उष्णतेची सोय बिघडलेली होती, आणि एका ढोलवादकाला हिमदंश होऊन रुग्णालयात ठेवावे लागले होते. २ फेब्रुवारीला आयोवातल्या क्लिअर लेक गावच्या ‘सर्फ बॉलरूम’मधला कार्यक्रम संपल्यावर हॉलीने पुढच्या मुक्कामासाठी छोटे विमान ठरवले. त्यात हॉली, १७ वर्षांचा रिची व्हॅलेन्स, ‘बिग बॉपर’ या नावाने गाणारा जे. पी. रिचर्डसन आणि २१ वर्षांचा वैमानिक रॉजर पीटरसन होते. उड्डाणानंतर काही मिनिटांत विमान शेतात कोसळले. चौघेही गेले.

१९७१ साली डॉन मॅक्लीन यांचे ‘अमेरिकन पाय’ हे गाणे आले आणि त्या दिवसाला एक नावच मिळाले. तोपर्यंत हा एका गायकाचा मृत्यू होता. आता तो एका युगाचा अंत झाला. १९७९पासून सर्फ बॉलरूममध्ये दरवर्षी स्मरणाचा कार्यक्रम होऊ लागला. १९८८ साली विस्कॉन्सिनच्या एका चाहत्याने स्वखर्चाने पोलादी गिटार आणि तीन तबकड्या घडवून अपघाताच्या जागी उभ्या केल्या. जागा खासगी शेतातली आहे. रस्ता सोडून कुंपणाच्या कडेने चालत जावे लागते. लोक जातात आणि तिथे चष्मे, नाणी, गिटारच्या नख्या ठेवून येतात. आपल्याकडच्या माणसाला हे दृश्य परके वाटू नये. देव कोणताही असो, जत्रेची रीत सारखीच असते.

जत्रा भरली की कथाही येतात. विमानाचे नाव ‘अमेरिकन पाय’ होते, ही त्यातली एक. विमानाला असे कोणतेही नाव नव्हते. गाण्याचे नाव मागे जाऊन विमानाला चिकटले. दुसरी कथा पिस्तुलाची. हॉलीचे पिस्तूल काही आठवड्यांनी शेतात सापडले, तेव्हा विमानात गोळी सुटली असावी अशी कुजबुज सुरू झाली आणि ती जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. अखेर २००७ साली रिचर्डसनच्या मुलाच्या संमतीने त्याच्या पार्थिवाची न्यायवैद्यक तपासणी झाली. गोळीची कोणतीही खूण आढळली नाही. मृत्यू आघाताने तत्काळ झाला होता. खरे कारण सरकारी चौकशीने १९५९च्या सप्टेंबरमध्येच नोंदवले होते. हवामान बिघडत होते, त्याच्या पूर्ण सूचना वैमानिकाला मिळाल्या नव्हत्या, केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा परवाना त्याच्याकडे नव्हता, आणि दिशा-कल दाखवणारे यंत्र त्याच्या सवयीपेक्षा वेगळ्या जातीचे होते.

या कारणांत गूढ काही नाही, म्हणूनच ती जत्रेला पुरत नाहीत. शोकाला अपघात लहान वाटतो. त्याला नियती हवी असते. नियतीच्या या कथेत वैमानिकाला जागा नव्हती. शेतातल्या स्मारकातही त्याची आठवण नव्हती. २००९ साली त्याच्यासाठी वेगळे स्मारक झाले, तेही त्याच चाहत्याने केले. चाहत्यांनी स्वतःच्या कथेतली उणीव स्वतः भरून काढली, हे इथे नोंदवण्यासारखे आहे.

चढवलेली साथ

माझ्या दृष्टीने खरा पेच ध्वनिफितींचा आहे.

मृत्यूपूर्वीच्या काही आठवड्यांत हॉली न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या आपल्या घरी, एका टेपरेकॉर्डरवर, फक्त गिटार घेऊन नवी गाणी मुद्रित करत होता. ‘लर्निंग द गेम’, ‘क्राइंग, वेटिंग, होपिंग’, ‘पेगी सू गॉट मॅरीड’ ही त्यांतलीच. त्याच्या पश्चात कंपनीने या फितींवर स्टुडिओत साथ चढवली. गिटारी, ढोल, आणि झील धरणारे गायक. पुढे पेटी यांनी जुन्या-नव्या फितींवर ‘फायरबॉल्स’ या वाद्यवृंदाकडून पुन्हा साथ वाजवून घेतली. मेलेल्या माणसाच्या लयीला जिवंत माणसांनी जुळवून घ्यायचे, असे ते काम.

अमेरिकेत याची फारशी दखल घेतली गेली नाही. ब्रिटनमध्ये चित्र उलटे होते. हॉली तिथे एकदाच, १९५८च्या मार्चमध्ये गेला होता. पण तिथल्या मुलांनी त्याला सोडले नाही. १९६३ साली, म्हणजे बीटल्सचा झंझावात सुरू असताना, ‘ब्राउन आइड हँडसम मॅन’ आणि ‘बो डिडली’ ही साथ चढवलेली गाणी तिथे पहिल्या पाचांत गेली. चार वर्षांपूर्वी मेलेला गायक नव्या गायकांशी स्पर्धा करत होता, तीही त्याने कधीच न ऐकलेल्या साथीवर.

नंतरच्या चाहत्यांनी मूळ फितींचा आग्रह धरला. जॉन गोल्डरोझन या तरुणाने नातेवाईक आणि सहकारी यांना गाठून १९७५ साली पहिले भरीव चरित्र लिहिले. कनेक्टिकटच्या बिल ग्रिग्ज यांनी स्मरणमंडळ काढले, तारखा, करार, वादकांची नावे तपासत राहिले आणि शेवटी लबकलाच राहायला गेले. इंग्लंडमध्ये जॉन बीचर यांच्या खटपटीने १९७९ साली हॉलीच्या समग्र ध्वनिमुद्रणांचा सहा तबकड्यांचा संच निघाला. १९८३ साली ‘फॉर द फर्स्ट टाइम एनीव्हेअर’ या तबकडीवर वर सांगितलेली १९६३ची दोन्ही गाणी चढवलेल्या साथीशिवाय ऐकायला मिळाली.

मराठी वाचकाला हा व्यवहार ओळखीचा आहे. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात ओव्या न घालण्याची ताकीद दिली, तेव्हापासून प्रक्षेप आणि मूळ पाठ यांचा वाद आपण करत आलो आहोत. हॉलीचे चाहते न कळत तेच करत होते. प्रक्षिप्त काढा, मूळ दाखवा.

पण इथे एक अडचण आहे, आणि शुद्धतेचा आग्रह धरणारे तिच्याकडे पुरेसे पाहत नाहीत. १ जानेवारी १९६२ रोजी डेक्का कंपनीपुढे चाचणी देताना बीटल्सनी ‘क्राइंग, वेटिंग, होपिंग’ म्हटले. त्यात मागून जी झील येते आणि मध्ये गिटारचा जो तुकडा आहे, तो हॉलीच्या घरातल्या फितीवर नाही. तो न्यूयॉर्कच्या स्टुडिओत मागाहून चढवलेला आहे. जॉर्ज हॅरिसन हॉली शिकत होता, आणि शिकत होता ते हॉलीने न वाजवलेले. मग ही साथ खोटी म्हणून फेकून द्यायची का? ती फेकली, तर पुढच्या दशकाच्या संगीताचा एक धागाच हातातून सुटतो. प्रक्षेपालाही स्वतःचा इतिहास असतो. ज्या ओवीवर चार पिढ्यांनी कीर्तने केली, ती मूळ प्रतीत नाही हे सांगणे अभ्यासकाचे काम आहे. ती कधी गायलीच गेली नाही, असे मात्र त्याला म्हणता येत नाही.

ऐकणारा म्हणून माझा कौल मूळ फितींना आहे. ‘लर्निंग द गेम’ साथीशिवाय ऐकले की कळते, की हॉली रॉकच्या ठेक्यातून बाहेर पडून एकट्याने, हलक्या आवाजात बोलण्याकडे निघाला होता. साथ चढवणाऱ्यांनी त्याला पुन्हा जुन्या ठेक्यात बसवले. म्हणजे त्याचे पुढचे पाऊलच त्यांनी झाकले. माझा आक्षेप वाजवण्यापेक्षा या झाकण्यावर अधिक आहे. तबकडीवर स्पष्ट लिहिले असते, की हा आवाज अमुक तारखेचा आणि ही साथ तमुक तारखेची, तर भांडण उरले नसते.

चाहता आणि टीकाकार

१९७८ साली हॉलीवर चित्रपट आला. गॅरी ब्युसी यांचे काम उत्तम होते, पण कथेतून नॉर्मन पेटी गायब होते आणि साथीदारांची नावे बदललेली होती. हॉलीचे खरे सोबती नाराज झाले. मॅकार्टनी यांनी तोवर हॉलीच्या गाण्यांचे प्रकाशनहक्क घेतले होते आणि १९७६पासून लंडनमध्ये दर सप्टेंबरात ‘बडी हॉली वीक’ही सुरू केला होता. १९८५ साली त्यांनी एक माहितीपट करवून घेतला, ज्यात हयात माणसे स्वतः बोलली. चित्रपटाला उत्तर द्यायला पुढे आला, तो पुन्हा एक चाहताच.

२०१७ साली साहित्याच्या नोबेल पुरस्काराचे व्याख्यान देताना बॉब डिलन यांनी सुरुवात हॉलीपासून केली. अपघाताच्या काही दिवस आधी किशोरवयीन डिलन यांनी डलूथमध्ये त्याला जवळून पाहिले होते. त्याने आपल्या डोळ्यांत पाहिले आणि काहीतरी आपल्याकडे आले, असे ते सांगतात. हे पुराव्याने सिद्ध होण्यासारखे नाही. पण ज्या श्रद्धेतून लोक कुंपणापाशी चष्मे ठेवतात, त्याच श्रद्धेतून एक कवी घडला, हे तरी त्यातून दिसते.

मी संगीत किंवा साहित्य कुठल्या विद्यापीठात शिकलेलो नाही. जे कळले, ते अशा हौशी माणसांनी लावलेल्या तारखांमुळे आणि याद्यांमुळे. त्यामुळे चाहत्याला टीकाकाराच्या खालच्या पायरीवर बसवणे मला मान्य नाही. मात्र चाहत्याची कसोटी कडक हवी. आपल्या आवडीला गैरसोयीची गोष्ट तो नोंदवतो का? पिस्तुलाची कथा आवडली तरी तपासणीचा निष्कर्ष मानतो का? जी साथ ऐकत लहानाचा मोठा झाला, ती हॉलीची नाही हे कळल्यावर तसे लिहून ठेवतो का?

हॉलीच्या चाहत्यांपैकी पुष्कळांनी हे केले. हॉलीचा मोडका चष्मा बिग बॉपरच्या घड्याळासह सरकारी पाकिटात २१ वर्षे पडून होता. तो १९८० साली सापडला आणि आता लबकच्या संग्रहालयात आहे. लोक तो पाहायला रांग लावतात, आणि त्यात गैर काही नाही. पण चष्मा सापडला तो योगायोगाने. गिटारसह एकटा असलेला तो आवाज मात्र आपोआप परत आलेला नाही. तो कुणीतरी मागितला, शोधला, भांडून प्रसिद्ध करायला लावला. हॉलीची आठवण ठेवणे म्हणजे काय, असे मला विचारले तर मी या दुसऱ्या कामाकडे बोट दाखवीन.