‘मॅश’ मालिकेतील कालविसंगती आणि दोषविचार

साहित्यकृतीतील चुका हुडकण्याचा उद्योग साहित्याइतकाच जुना आहे. ‘इलियड’च्या पाचव्या सर्गात मेनेलाउसच्या भाल्याने ठार झालेला पायलेमेनीझ तेराव्या सर्गात आपल्या मुलाच्या प्रेतामागून अश्रू ढाळीत चाललेला दिसतो, ही गोष्ट प्राचीन टीकाकारांच्या नजरेतून सुटली नव्हती. सर्व्हांटिसच्या सँकोचे गाढव चोरीला जाते आणि परत मिळाल्याचे सांगण्यापूर्वीच तो त्यावर बसलेला आढळतो. १६१५ मधील दुसऱ्या भागात या प्रमादाची थट्टा खुद्द ग्रंथकारालाच करावी लागली. डॉ. वॉटसन यांना युद्धात झालेली जखम एका कादंबरीत खांद्याला आहे, तर पुढच्या कादंबरीत पायाला. अशा स्थळांची टिपणे करणारा वाचक हा बहुधा त्या कृतीचा निःसीम भक्त असतो. ज्याला कृती आवडत नाही तो ती दुसऱ्यांदा वाचतच नाही, आणि विसंगती सापडते ती दुसऱ्या-तिसऱ्या वाचनातच.

दूरचित्रवाणीच्या मालिकांनी या उद्योगाला विस्तीर्ण क्षेत्र मिळवून दिले. त्यातही ‘मॅश’ ही अमेरिकन विनोदी मालिका या दृष्टीने विशेष समृद्ध आहे. सी. बी. एस. या वाहिनीवर १७ सप्टेंबर १९७२ ते २८ फेब्रुवारी १९८३ या काळात ती अकरा सत्रांत प्रक्षेपित झाली. रिचर्ड हूकर या टोपणनावाने १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी आणि तीवरून रॉबर्ट ऑल्टमन यांनी १९७० मध्ये काढलेला चित्रपट ही तिची उगमस्थाने होत. कोरियातील युद्धात आघाडीपासून थोड्या अंतरावर तंबूंत थाटलेले ४०७७ क्रमांकाचे फिरते लष्करी शस्त्रक्रिया रुग्णालय हे तिचे स्थळ. तेथील शल्यविशारद दिवसरात्र जखमी सैनिकांची शरीरे सांधतात आणि उरलेल्या वेळात वेड लागू नये म्हणून विनोद करतात.

विसंगतीचे मूळ साध्या अंकगणितात आहे. कोरियातील युद्ध २५ जून १९५० रोजी सुरू झाले आणि २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधीने थांबले. म्हणजे ते सदतीस महिने चालले. मालिका चालली साडेदहा वर्षे. तीन वर्षांच्या युद्धात नट मात्र दहा वर्षांनी वृद्ध होतात आणि त्यांचे केस पन्नाशीच्या दशकातील लष्करी शिस्तीपेक्षा सत्तरीच्या दशकातील प्रथेप्रमाणे वाढतात. हे डोळ्यांना दिसणारे वैगुण्य झाले. याहून सूक्ष्म आणि म्हणून अधिक उद्बोधक अशी विसंगती कर्नल पॉटरच्या आगमनाशी निगडित आहे. चौथ्या सत्रातील ‘चेंज ऑफ कमांड’ या भागात पॉटर रुग्णालयाची सूत्रे हाती घेतो, आणि ती तारीख १९ सप्टेंबर १९५२ अशी स्पष्ट सांगितली जाते. त्यानंतर युद्ध जेमतेम दहा महिने उरते. परंतु नवव्या सत्रातील ‘अ वॉर फॉर ऑल सीझन्स’ या भागात १९५१ या साऱ्या वर्षाचे चित्रण एका नववर्षदिनापासून दुसऱ्या नववर्षदिनापर्यंत केलेले आहे. त्या वर्षीच्या बेसबॉल स्पर्धेवर लावलेल्या पैजा त्यात आहेत, आणि अधिकारपदावर आहे पॉटरच. जो मनुष्य १९५२ च्या शरदात आला, तो १९५१ चे स्वागत आणि निरोप दोन्ही समारंभ साजरे करतो.

नाताळाची गणना अशीच मनोरंजक आहे. त्या युद्धात तीनच नाताळ आले: १९५०, १९५१ आणि १९५२ चे. मालिकेत पहिल्या सत्रातील ‘डिअर डॅड’, सातव्यातील ‘डिअर सिस’, नवव्यातील ‘डेथ टेक्स अ हॉलिडे’ आणि दहाव्यातील ‘ट्वॉज द डे आफ्टर ख्रिसमस’ असे नाताळाचे चार भाग आहेत. पैकी पहिला पॉटरच्या पूर्वाधिकाऱ्याच्या, हेन्री ब्लेकच्या, कारकिर्दीतील. उरलेले तिन्ही पॉटरच्या. सप्टेंबर १९५२ ही तारीख खरी धरल्यास तिसरा नाताळ डिसेंबर १९५४ मध्ये, म्हणजे शस्त्रसंधीनंतर सतरा महिन्यांनी येतो. शेवटच्या दोन भागांपैकी एक २६ डिसेंबरच्या आरंभी संपतो आणि दुसरा त्याच तारखेचा आहे; तेव्हा उदारपणे ते दोन्ही एकाच नाताळाचे मानता येतील. पण ‘डिअर सिस’मध्ये रडार हा कारकून आहे आणि पुढच्या दोहोंत तो घरी परतलेला आहे, म्हणून तो भाग त्यांत मिळविता येत नाही. सारी सवलत देऊनही डिसेंबर १९५३ उरतोच.

येथवरचे काम हिशेबनिसाचे आहे. टीकेचे काम यापुढे सुरू होते, आणि त्यासाठी संस्कृत साहित्यशास्त्रातील दोषविचाराचा आधार घेणे सयुक्तिक ठरेल. भामहाने देश, काल, लोक, न्याय इत्यादींशी येणारा विरोध हा काव्यदोषांत गणलेला आहे, आणि दंडीनेही तो स्वीकारलेला आहे. मात्र दंडी तेथेच एक महत्त्वाची मुभा देतो: असा विरोध कवीच्या कौशल्यामुळे कधीकधी दोषांची पंगत सोडून गुणांच्या वाटेला लागतो. मम्मटाने तर दोषाची कसोटीच बदलली. मुख्य अर्थाची, म्हणजे पर्यायाने रसाची, हानी करील तो दोष. या कसोटीनुसार ‘येथे चूक आहे काय?’ या प्रश्नाला स्वतंत्र महत्त्व उरत नाही. चुकीने कशाची हानी झाली, हे पाहावे लागते.

पॉटरच्या तारखेने रसहानी होते असे म्हणणे कठीण आहे. किंबहुना पहिल्याच भागाच्या प्रारंभी पडद्यावर येणारी अक्षरे स्थळ कोरिया आणि साल १९५० असे सांगून लगेच ‘शंभर वर्षांपूर्वी’ अशी पुस्ती जोडतात. कालगणनेचा करार तेथेच सैल केलेला आहे. ऐतिहासिकदृष्ट्याही एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. युद्धाच्या पहिल्या वर्षात आघाडी कोरियाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत होती. जुलै १९५१ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्यावर ती जवळजवळ एका जागी थिजली, आणि पुढची दोन वर्षे त्याच टेकड्यांसाठी माणसे मरत राहिली. मालिकेतील युद्ध हे बव्हंशी या दुसऱ्या पर्वातील आहे. रुग्णालय क्वचितच हलते, वाटाघाटींच्या वार्ता येतात आणि विरतात, जखमींची हेलिकॉप्टरे येतच राहतात. नाताळ तीन झाले की चार, हे त्या तंबूंतील माणसांना सांगता आले नसते.

परंतु या समर्थनात एक मेख आहे. दंडीची मुभा कवीच्या कौशल्यासाठी आहे, योगायोगासाठी नाही. ‘मॅश’ला एक कवी नव्हता. मालिकेची घडण करणारे लॅरी गेलबार्ट १९७६ मध्ये, चौथ्या सत्रानंतर बाहेर पडले. जीन रेनॉल्ड्स पाचव्यानंतर गेले. लेखक, दिग्दर्शक, नट बदलत राहिले. आठवड्याला एक भाग अशा गतीने लिहिणाऱ्यांनी पाच वर्षांपूर्वीच्या संवादातील तारीख पडताळली नाही, कारण प्रेक्षकही ती पडताळू शकणार नाही हे त्यांनी गृहीत धरले होते. पुढे नित्याची पुनःप्रक्षेपणे, ध्वनिचित्रफिती आणि तबकड्या यांनी हे गृहीतक खोटे पाडले. तेव्हा कालविसंगतीतून अंतहीन युद्धाचा जो प्रत्यय येतो, तो कृतीत आहे पण कर्त्याच्या हेतूत होता असे म्हणण्यास आधार नाही. हेतूचे श्रेय न देताही परिणामाची नोंद करता येते. टीकाकाराने येथे एवढाच संयम पाळावयाचा.

हेतुपुरस्सर केलेली कालयोजना कशी असते, हे याच मालिकेत पाहावयास मिळते. आठव्या सत्रातील ‘लाइफ टाइम’ हा भाग अ‍ॅलन आल्डा आणि मालिकेचे वैद्यकीय सल्लागार वॉल्टर डिशेल यांनी मिळून लिहिला. एका सैनिकाची महारोहिणी फाटलेली आहे. सुमारे वीस मिनिटांत रक्तप्रवाह पूर्ववत झाला नाही तर त्याचे पाय कायमचे लुळे पडतील. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ चालू आहे आणि कथेतील मिनिट प्रेक्षकाच्या मिनिटाबरोबर सरकते. वर्षांच्या बाबतीत इतकी बेफिकीर असलेली ही मालिका मिनिटांच्या बाबतीत एवढी काटेकोर व्हावी, यात तिच्या दृष्टीचे मर्म आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभ्या राहिलेल्या माणसाला मिनिटे असतात. वर्षे असतात ती सेनापतींना आणि इतिहासकारांना.

‘डेथ टेक्स अ हॉलिडे’ याहून पुढे जातो. नाताळच्या रात्री एक सैनिक वाचणार नाही हे निश्चित झालेले आहे. त्याच्या मुलांना नाताळ हा बापाच्या मृत्यूचा दिवस म्हणून आठवू नये, एवढ्यासाठी बी. जे. हनिकट, हॉकआय आणि मार्गारेट हूलिहान त्याला मध्यरात्रीपर्यंत जिवंत ठेवण्याची धडपड करतात. ती फसते. तेव्हा हॉकआय भिंतीवरील घड्याळाचा काटा हाताने पुढे सरकवितो आणि मृत्यूची नोंद २६ डिसेंबरची होते. कालविसंगती येथे पात्रांनीच, करुणेपोटी, लष्करी दप्तरात घुसडलेली आहे. दंडीला अभिप्रेत असलेला, गुणाच्या वाटेला लागलेला विरोध तो हाच. मालिकेतील तारखांचा ताळेबंद मांडणाऱ्याला नाताळांच्या यादीत हा भाग घ्यावाच लागतो, आणि त्यातील तारीख खोटी आहे हे मालिकेने स्वतःच सांगितलेले आहे, हा एक गमतीचा योग म्हटला पाहिजे.

सर्वच विसंगतींना असे अभय देता येणार नाही. हेन्री ब्लेकच्या पत्नीचे नाव आरंभी मिल्ड्रेड होते आणि नंतर लॉरेन झाले, पुढे मिल्ड्रेड हे नाव पॉटरच्या पत्नीला मिळाले. ही किरकोळ बाब आहे. रडार पहिल्या सत्रात चिरूट ओढणारा आणि मद्य घेणारा धूर्त कारकून आहे, पुढे तो द्राक्षाच्या सोड्यावर तहान भागविणारा भाबडा खेडवळ पोर होतो. येथे नुकसान जरा अधिक आहे, कारण पहिला रडार विनोदी लेखनाच्या दृष्टीने अधिक तीक्ष्ण होता. हॉकआयच्या कुटुंबाची गोष्ट मात्र निराळी. ‘डिअर डॅड’मधील पत्रात तो आई आणि बहीण यांना प्रेम कळवितो, घर व्हरमाँटमध्ये असल्याचा उल्लेखही आरंभीच्या काळात येतो. पुढे घर मेन राज्यातील क्रॅबॲपल कोव्ह या गावी स्थिर होते, बहीण नाहीशी होते आणि आई तो लहान असतानाच वारलेली ठरते. दहाव्या सत्रातील ‘सन्स अँड बोलर्स’ या भागात वडिलांच्या शस्त्रक्रियेची वार्ता ऐकण्यासाठी तो तळमळतो, आणि अहंमन्य विंचेस्टर त्याच्या सोबतीला बसतो. त्या प्रसंगातील कारुण्य एकुलता मुलगा आणि विधुर बाप या नात्यावर पेललेले आहे.

हानी कोणत्या भागाची झाली, हे पाहण्यासारखे आहे. उत्तरकालीन प्रसंग अबाधित राहतो. डळमळते ते आधीचे पत्र. पुनःप्रक्षेपणात क्रम राहत नाही, त्यामुळे ज्याने ‘सन्स अँड बोलर्स’ आधी पाहिला त्याला ‘डिअर डॅड’मधील आईचा उल्लेख खोट्या नाण्यासारखा वाटतो. ग्रंथात पान उलटून मागे जाता येते तरी पानांचा क्रम बदलत नाही. मालिकेत तो बदलतो. दोषाचे स्थान आस्वादाच्या क्रमावर अवलंबून राहावे, ही स्थिती प्राचीन शास्त्रकारांपुढे आली नव्हती. हेन्री ब्लेकचा मृत्यू मात्र या चंचलतेला अपवाद आहे. तिसऱ्या सत्राच्या अखेरीस, १८ मार्च १९७५ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘अ‍ॅबिसिनिया, हेन्री’मध्ये त्याचे विमान पाडले जाते. त्यानंतर आठ सत्रे गेली, पण तो मृत्यू कोणी फिरविला नाही.

नटांच्या पुनरागमनाचा प्रश्न दोषांच्या यादीत नेहमी घातला जातो. पॉटरची भूमिका करणारा हॅरी मॉर्गन एक वर्ष आधी तिसऱ्या सत्राच्या प्रारंभी जनरल स्टील या भ्रमिष्ट सेनानीच्या भूमिकेत येऊन गेला होता. एकाच नटाने एका नाटकात दोन-तीन सोंगे वठविण्याची मराठी रंगभूमीला सवय आहे, आणि तिच्या प्रेक्षकाला यात वावगे वाटण्याचे कारण नाही. परंतु हाच न्याय माको या जपानी वंशाच्या अमेरिकन नटाला लावताना थबकावे लागते. तो एका भागात चिनी डॉक्टर, दुसऱ्यात दक्षिण कोरियन अधिकारी आणि तिसऱ्यात उत्तर कोरियन सैनिक आहे. मॉर्गनच्या दोन भूमिका वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून लेखकांनी स्वभाव, वाणी, लकब यांत अंतर राखले. माकोच्या तीन भूमिकांत तीन राष्ट्रे आहेत, दोन भाषा आहेत आणि युद्धाच्या दोन बाजू आहेत. त्या एका चेहऱ्यात सामावल्या तरी अमेरिकन प्रेक्षकाला विसंगती भासणार नाही, असे निर्मात्यांनी धरून चालले होते. भामहाच्या परिभाषेत हा देशविरोध होय. पहिल्या सत्रातील कृष्णवर्णीय शल्यविशारद जोन्स त्याच सत्राच्या मध्यावर एका शब्दाच्याही खुलाशाशिवाय अदृश्य होतो, हीही नोंद येथेच व्हावयास हवी. दोन विधाने एकमेकांशी जुळत नाहीत तेथे विसंगती शोधणाऱ्याची नजर लागते. जेथे दुसरे विधानच केलेले नाही, तेथे तिला अडखळावयास काही सापडत नाही. पॉटरची तारीख, नाताळांची संख्या आणि ब्लेकच्या पत्नीचे नाव यांची टाचणे तयार झाल्यावर मम्मटाची कसोटी हाती घेऊन बसणाऱ्याने प्रथम जोन्सच्या त्या रिकाम्या खाटेपाशी थांबावयास हवे.