‘तयार’ या शब्दाचा अर्थ : लिनक्स कर्नेलच्या आवृत्त्या आणि पोलिंगचे अध्यापन

संगणकशास्त्राच्या पदवी वर्गात पोलिंग शिकविताना एक गृहीतक सहसा तपासले जात नाही. कर्नेलने एखादा सॉकेट वा पाइप ‘वाचनास तयार’ असल्याचे कळविले, की त्या कळविण्याचा अर्थ सर्व आवृत्त्यांत एकच असतो, हे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा करावयाची आहे.

रिचर्ड स्टीव्हन्स यांच्या ‘युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग’ची तिसरी आवृत्ती त्यांच्या निधनानंतर २००३ मध्ये सहलेखकांनी सिद्ध केली. ‘सिलेक्ट’ व ‘पोल’ यांचे इतके नेमके विवेचन अन्यत्र क्वचितच आढळते. परंतु लिनक्सचे ‘इपोल’ स्थिर स्वरूपात आले ते त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, २.६ या आवृत्तीत. ग्रंथाचा यात दोष नाही. मात्र इपोलसाठी अध्यापक मॅन्युअलच्या पानावर विसंबतो.

इपोलच्या दोन रीती आहेत. पहिलीत न वाचलेला मजकूर शिल्लक असेपर्यंत प्रत्येक विचारणेस ‘तयार’ हेच उत्तर मिळते. दुसरीत काही नवे घडले तरच सूचना येते, म्हणून मजकूर संपेपर्यंत वाचावे असे मॅन्युअल सांगते. पण मजकूर तुकड्यांनी आल्यास अनेक सूचना येऊ शकतात, असेही तेच पान म्हणते. येतील की नाही, हे या ‘शकतात’वरून ठरत नाही.

जानेवारी २०२० मधील ५.५ आवृत्तीत ते पाइपपुरते बदलले. तोवर पाइपमध्ये दर लेखनास वाचक जागा होई. आता पाइप आधी रिकामा असेल तरच तो जागा होऊ लागला. अर्धवट वाचून पुढील सूचनेची वाट पाहणारे प्रोग्रॅम थबकले. अँड्रॉइडवरील ‘रेल्म’ हे ग्रंथालय त्यांपैकी एक. मॅन्युअलच्या कसोटीवर चूक प्रोग्रॅमचीच होती. तरीही लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ऑगस्ट २०२१ मधील ५.१४ साठी जुने वर्तन परत आणले. चालत असलेला प्रोग्रॅम कर्नेलने मोडू नये, हा तेथील दंडक. टीसीपी सॉकेटवर मात्र नवा मजकूर आला की सूचना मिळतच होती. म्हणजे एकच रीत, आणि सॉकेट व पाइप यांची वागणूक निराळी. हा भेद वर्गात सांगितला जातो काय?

नंदुरबार जिल्ह्यातील आमच्या प्रयोगशाळेत ५.४ आणि ५.८ अशा दोन्ही आवृत्त्यांची यंत्रे होती. ज्या पेनड्राइव्हवर जे मिळाले ते बसविलेले. अक्राणी तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने पाइपवरचा प्रोग्रॅम पहिल्या यंत्रावर लिहिला. परीक्षेत त्याच्या वाट्यास दुसरे यंत्र आले आणि प्रोग्रॅम पहिल्या संदेशानंतर स्तब्ध झाला. ‘सर, काल चालत होता,’ एवढेच तो म्हणाला. घरी संगणक नसलेल्या मुलाचे हे वाक्य अध्यापकास सबब वाटते. मलाही वाटली, व गुण कापले गेले. त्याने मजकूर संपेपर्यंत वाचला नव्हता, ही उणीव खरीच. पण काल चालत होता, हेही तितकेच खरे होते. त्याच यंत्रांवर दोन्ही आवृत्त्या ताडून पाहिल्या तेव्हा ते कळले. तोवर गुण विद्यापीठाकडे गेले होते.

प्रात्यक्षिकाच्या वहीत दिनांक, हेतू, निष्कर्ष असे रकाने असतात. कर्नेल आवृत्तीचा रकाना आम्ही त्यानंतर हाताने आखून घेतला.