वापरकर्त्याच्या भावनांचे मापन : एक चिकित्सा
(भातकुली तालुक्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना : संगणकाशी व्यवहार करताना माणसाच्या मनात काय घडते, याचे मापन हा आज अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. रोझलिंड पिकार्ड यांच्या १९९७ मधील ‘अफेक्टिव्ह कॉम्प्युटिंग’ या ग्रंथाने त्याला अधिष्ठान दिले. चेहऱ्याचे स्नायू, त्वचेवरील घाम, हृदयाचे ठोके आणि वापरकर्त्याचे निवेदन ही या मापनाची प्रमुख साधने होत. ती आपल्या ग्रामीण व्यवहाराला कितपत लागू पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चिकित्सा : शरीरावरून मन ओळखण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात स्वेद, वेपथू, अश्रू हे सात्त्विक भाव सांगितले आहेत. परंतु तेथे रसनिष्पत्तीसाठी विभावही, म्हणजे भावनेचे कारणही, आवश्यक मानले आहे. यंत्र घाम मोजते, कारण मोजत नाही. भातकुलीच्या मे महिन्यात तो घाम क्षोभाचा की उन्हाचा, हे यंत्राने कसे ठरवावे? चेहऱ्याच्या बाबतीतही हीच अडचण आहे. लिसा फेल्डमन बॅरेट व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन, केवळ मुद्रेवरून भावना खात्रीने ओळखता येत नाही, असे दाखवून दिले.

याहून मूलभूत प्रश्न ‘वापरकर्ता’ कोण, हा आहे. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरावयाचे होते. ‘आपले सरकार’ सेवा केंद्रात कळफलकावर बोटे केंद्रचालकाची. कर्ज मात्र त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे. प्रचलित पद्धत चालकाचा चेहरा टिपेल. पडदा स्वतः न हाताळता निकालाची वाट पाहणारा शेतकरी तिच्या कक्षेतच येत नाही.

निष्कर्ष : ब्रॅडली आणि लँग यांनी १९९४ मध्ये चर्चिलेली चित्रमापिका सुख, उत्तेजना आणि नियंत्रण ही तीन परिमाणे मानवाकृतींतून मोजते. तिला अक्षरओळखीची फारशी गरज नाही. नियंत्रण नसल्याची भावना तीत लहान आकृतीने दाखविली जाते. आपल्या संदर्भात हेच परिमाण सर्वांत महत्त्वाचे होय. ही मापिका चालकाबरोबरच शेतकऱ्यापुढेही ठेवावी आणि उत्तरामागील कारण त्याच्याच वऱ्हाडी बोलीत विचारावे. विचारणारा शासकीय कर्मचारी नसावा. अन्यथा भिडेपोटी ‘बरं हाये’ एवढेच उत्तर मिळण्याचा संभव आहे. चालक समाधानी आणि शेतकरी हतबल, अशी स्थिती असलेल्या प्रणालीला यशस्वी म्हणता येणार नाही.