दगड आणि पिंजरा : 2014 सालचा मराठी सिनेमा

एकाच सालाचा हिशोब मांडतो.

3 जानेवारी 2014 ला रवी जाधवचा 'टाइमपास' लागला. वस्तीतला दगडू, लेल्यांची प्राजक्ता. थेटरं फुल्ल. गरीब पोरगा, वरच्या घरची पोरगी. पण जातीचं नाव कुणी काढत नाही. हसलो, आपणही हसलो. सहा आठवड्यांनी, 14 फेब्रुवारीला, नागराज मंजुळेचा 'फँड्री' आला आणि तीच गोष्ट सोलून समोर ठेवली.

फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. जब्याला शालू आवडते, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याला बापासोबत डुकरामागं धावावं लागतं. डुक्कर हाती येणार तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सारं घर ताठ उभं, डुक्कर पसार. थेटरात लोक खदखदले. मीही हसलो, मग घसा कोरडा पडला. पुढं तेच डुक्कर बांबूला बांधून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई रंगवलेल्या. पांढरपेशे समीक्षक याला प्रतीक म्हणतात. प्रतीक कशाचं? अशा भिंती आपण रोज पाहतो. भिंतीआडच्या वर्गात काय शिकवतात, ते विचारा की!

आणखी एक. जब्या आपल्या वर्धा जिल्ह्यात जन्मला असता तर कागदावर अनुसूचित जातीचा. कैकाडी विदर्भातल्या जिल्ह्यांत त्या यादीत, बाकी महाराष्ट्रात विमुक्त जातीत. जिल्हा बदलला की दाखला बदलतो. डुक्कर बदलत नाही. हे ध्यानात न घेता 'आपला सिनेमा, आपला सिनेमा' म्हणून नाचणारे आपल्यातही आहेत. कैकाड्याच्या पालावर आपण किती वेळा गेलो?

शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्यावर. म्हणजे तिकीट काढून बसलेल्यावर. टाळ्या पडल्या. अडीच महिन्यांनी, 28 एप्रिलला, नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या नितीन आगेला सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारून झाडाला टांगलं. 2017 साली आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फिरले होते. टाळ्या वाजवणारे तेव्हा कुठं होते?

कोर्ट काय असतं तेही त्याच सालानं दाखवलं. सप्टेंबरात व्हेनिसला चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' गाजला. इथं लागायला एप्रिल 2015 उजाडला. गटारात उतरणारा कामगार मरतो, आणि गाण्यातून त्याला आत्महत्येला चिथावलं म्हणून लोकशाहीर नारायण कांबळेवर खटला. कामगाराला साधनं कुणी दिली नाहीत, हा प्रश्न कोर्टात नुसता फाईलीत फिरतो. सिनेमा कसदार आहे, वादच नाही. पण माझी तक्रार आहे. कॅमेरा वकिलाच्या घरी जेवायला जातो, सरकारी वकीलबाईच्या स्वयंपाकघरात जातो, न्यायाधीशासोबत सहलीला जातो. कांबळे मात्र शिकवणीत, स्टेजवर, कोर्टात, छापखान्यात. तो रात्री कुणासोबत जेवतो? त्याच्या माणसांचं काय झालं? दिग्दर्शकाला आपला माणूस खटल्यापुरताच ठाऊक होता काय?

जे पटकथेत नव्हतं ते चेहऱ्यानं भरून काढलं. कांबळे झालेले वीरा साथीदार नट नव्हते, चळवळीतले होते. बालपण वर्धा जिल्ह्यातलं, शेतमजुराच्या घरचं. नागपुरात 'विद्रोही' मासिकाचे संपादक. 13 एप्रिल 2021 ला, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनानं गेले. 'कोर्ट' परत पाहाल तेव्हा छापखान्यातला प्रसंग नीट पाहा. पोलीस येतात तेव्हा कांबळे दचकत नाही.