शीरखुर्म्यापलीकडचे गाव

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा निघाली की ती कवितेपाशी आणि कथेपाशी थांबते. आत्मकथनांवरही थोडेफार बोलले जाते. पण वार्षिकांतून, ईद आणि दिवाळी अंकांतून, शाळांच्या आणि जमातींच्या स्मरणिकांतून वर्षानुवर्षे येत राहिलेला एक प्रकार समीक्षेने कधी हाती धरलेला नाही. तो म्हणजे 'माझे गाव, माझे बालपण' या थाटाचा लेख. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर लिहिते झालेल्या आपल्या शिक्षकांनी, कारकुनांनी, निवृत्त एस.टी. कर्मचाऱ्यांनी पहिली लेखणी चालवली ती बहुधा याच विषयावर. हा प्रकार हलका मानण्याचे कारण नाही. ज्या समाजाचा गावपातळीवरचा इतिहास कुणी लिहिला नाही, त्याच्याकडे शिल्लक राहते ती आठवणच. म्हणूनच ती कशी लिहिली जाते, याची झाडाझडती घेतली पाहिजे. आम्ही खानदेशातले, पिंप्राळ्याचे, म्हणून उदाहरणे त्याच परिसरातली घेतो.

या लेखांचा साचा आता वाचकांना तोंडपाठ झाला असेल. पहिला परिच्छेद गावाच्या नावाच्या व्युत्पत्तीत खर्ची पडतो. मग नदी किंवा तलाव, चिंचेचे झाड, कडक मौलवीसाहेब, प्रेमळ गुरुजी. त्यानंतर ईदचा शीरखुर्मा शेजारच्या पाटलांकडे जातो आणि दिवाळीचा फराळ आपल्या घरी येतो. शेवटी 'आता ते दिवस राहिले नाहीत' असा सुस्कारा. यातले काही खोटे नाही. शीरखुर्मा जात होता आणि फराळही येत होता. प्रश्न असा की यात गाव कुठे आहे? नाव खोडून पिंप्राळ्याच्या जागी पाचोरा लिहा, फैजपूर लिहा, लेखाला ओरखडाही उठत नाही. साल नाही, धंदा नाही, मजुरी नाही, गल्लीचा नकाशा नाही, भांडण तर नाहीच नाही. या शीरखुर्मा-फराळ संप्रदायाने आपल्या लेखनाचे जितके नुकसान केले, तितके विरोधकांनीही केले नसेल.

गाव आणि बालपण हा इंग्रजांचाही लाडका विषय आहे आणि गोड गोड आठवणींची पुस्तके तिकडेही ढिगाने आहेत. पण त्यांच्यातली टिकलेली पुस्तके पाहिली म्हणजे फरक कळतो. श्रॉपशर परगण्यातल्या मिडल नावाच्या खेड्यात रिचर्ड गॉफ नावाचा शेतकरी होता. पासष्टीच्या आसपास, १७०० ते १७०२ या काळात, त्याने आपल्या गावाचा इतिहास लिहिला. त्याची युक्ती साधी होती. गावच्या चर्चमध्ये प्रत्येक घराण्याचे बाक ठरलेले. त्याने बाकांचा नकाशा काढला आणि एकेक बाक घेऊन त्यावर बसणाऱ्या घराची हकीकत सांगत गेला. कोण कर्जात बुडाला, कोण दारूत, कुणाची सोयरीक कुठे झाली, कुणाच्या हातून खून झाला, सगळे त्याने लिहिले. राजा-सरदार त्यात येतात, पण गावाच्या वाटेने.

फ्लोरा थॉम्पसन या बाईंनी 'लार्क राइज' हे पुस्तक १९३९ साली प्रसिद्ध केले. त्यात १८८० च्या दशकातली ऑक्सफर्डशरमधली एक वस्ती आहे. शेतमजुराची आठवड्याची मजुरी दहा शिलिंग होती हे बाई सांगतात, आणि तेवढ्यात घर कसे चाले तेही सांगतात. आपल्याकडच्या कुठल्या लेखात पिंजारीकाम करणाऱ्या बापाला एक गादी भरण्याचे किती मिळत, हे आले आहे? खानदेश म्हणजे कापसाचा मुलूख. पिंजाऱ्याच्या पिंजणाचा आवाज लेखात येतो, त्याला 'संगीत' म्हटले जाते; पण दिवाळीनंतरच्या थंडीत धंदा कसा चाले आणि पावसाळ्यात चूल कशी पेटे, हे वाचायला मिळत नाही. मण्यार, अत्तार, तांबोळी, बागवान, सातपुड्याच्या पायथ्याचे तडवी, या प्रत्येकाच्या धंद्याचे असे गणित आहे. ते जाणणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली.

तिसरे पुस्तक लॉरी लीचे, 'सायडर विथ रोझी', १९५९ सालचे. स्लॅड या खेड्यातले हे बालपण इतके रसाळ लिहिले आहे की ते मुलांच्या हाती दिले जाते. पण याच पुस्तकात एक खून आहे. परदेशी पैसा कमावून परतलेला माणूस गुत्त्यात बढाया मारतो, गावातले तरुण त्याला रस्त्यात मारतात, रात्रभर बर्फात पडून तो मरतो. मारणारे कोण हे साऱ्या गावाला ठाऊक असते. पोलिसांना कुणी सांगत नाही. लीने हे लपवले नाही आणि गावावरचे प्रेमही कमी केले नाही. प्रेम आणि साक्ष एकाच पानावर नांदू शकतात.

त्याच इंग्रजांनी आपली गावे मात्र कशी लिहिली? १८८० साली खानदेशाचे गॅझेटियर निघाले. आमच्या पिढीच्या अभ्यासकांचे पान त्याशिवाय हलत नाही. फारुकी सुलतानांचे थाळनेर त्यात आहे, विहिरी आहेत, सारा आहे, मुसलमानांच्या जाती-धंद्यांची यादीही आहे. पण ती यादी आहे. अंमलदार बाहेरून मोजत होता, त्याला बाकावरचा माणूस दिसणार नव्हता. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' आला. तो आतला माणूस. त्याने मुलाण्याला गावगाड्यात जागा दिली. पण मुलाण्याच्या घरात संध्याकाळी काय बोलले जाई, हे त्याच्या कक्षेत येत नव्हते. त्यासाठी मुलाण्याच्याच नातवाने लिहायला हवे होते.

खानदेशाने मराठीला दिलेली दोन पुस्तके इथे आठवतात. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी छापून आली. आसोदे आणि जळगाव या काही कोसांच्या टापूत गेलेले निरक्षर बाईचे आयुष्य टिकले, कारण मुलगा सोपानदेव कवी होता आणि घरातल्यांनी गाणी कागदावर उतरवून घेतली. आमच्या मोहल्ल्यातल्या दाद्या-नान्याही जात्यावर गात होत्या. दखनीत चक्कीनाम्यांची परंपरा सूफींच्या काळापासून आहे. लग्नघरातली ढोलकीवरची गाणी तर परवापर्यंत होती. सोपानदेव मात्र आमच्या घरात जन्मले नाहीत. जे शिकले त्यांना ती बोली लिहायची लाज वाटली. दुसरे पुस्तक १९६३ चे, भालचंद्र नेमाड्यांचे 'कोसला'. सांगवीचे घर, बाप आणि बहीण पांडुरंग सांगवीकरच्या मनातून पुण्यातही सुटत नाहीत, आणि लेखक ते घर गोड करून सांगत नाही.

बोलीचा मुद्दा इथेच सांगून टाकतो. खानदेशी मुसलमानाच्या तोंडात एकाच वाक्यात दखनी असते आणि अहिराणी किंवा तावडीही असते. घरात 'अम्मी', ओट्यावर आल्यावर शेजारणीला 'माय'. लेखात उतरताना मात्र सगळे जण पाठ्यपुस्तकातले मराठी बोलतात, किंवा अचानक लखनवी उर्दू. आमच्या चाचांपैकी कुणी 'तशरीफ ठेवा' म्हटल्याचे आम्हाला आठवत नाही. मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' (१९९५) आजही ताजे वाटते, यामागे त्यातल्या बोलत्या भाषेचा वाटा मोठा आहे. पुण्यातल्या उर्दूभाषक घरातली मुलगी मराठी जशी बोलेल तशीच ती भाषा आहे. कुणी तिला इस्त्री केलेली नाही.

हमीद दलवाईंबद्दल या वर्तुळात मतभेद आहेत आणि ते राहतील. त्यांच्या सामाजिक भूमिकेचा हिशेब वेगळा. पण १९६५ ची 'इंधन' ही कादंबरी गावाचे चित्रण म्हणून कुणाला डावलता येणार नाही. कोकणातल्या आपल्या गावी बऱ्याच वर्षांनी परतलेला माणूस तिथे काय पाहतो? जमीन, कूळ, जात, मानपान आणि कुजबुज या रोजच्या काटक्या रचल्या जातात. ठिणगी सर्वांत शेवटी पडते. आपल्या आठवणलेखांत बिघाड नेहमी बाहेरून येतो, 'राजकारण आले आणि गाव बिघडले'. इंधनातले गाव स्वतःच्या पायावर बिघडते.

आता पिंप्राळा. पूर्वीचे स्वतंत्र गाव आज जळगाव महानगरपालिकेत आहे. आषाढी एकादशीला इथे रथ निघतो आणि पिंप्राळ्यावरच्या प्रत्येक लेखात तो निघतोच. जळगावचा श्रीराम रथ कार्तिकी एकादशीचा. १८७२ साली अप्पा महाराजांनी तो सुरू केला. भिलपुऱ्यात लालशाबाबांच्या दर्ग्यापाशी तो थांबतो, फुलांची चादर चढते आणि पुढे जातो. वर्तमानपत्रे हे छापतात, आपलेही लेखक आनंदाने लिहितात. पण लालशाबाबा कोण होते, त्यांची आणि अप्पा महाराजांची मैत्री कशी जमली, दर्ग्याची दिवाबत्ती पिढ्यान् पिढ्या कोणी केली, हे शोधण्याचे कष्ट कुणी घेतलेले आमच्या वाचनात नाही. ऐक्याचा दाखला म्हणून दर्गा हवा असतो, त्याच्या भोवतीच्या माणसांची हकीकत नको असते.

आणि ८ मे १९७०. आदल्या दिवशी भिवंडी पेटली होती, दुसऱ्या दिवशी जळगाव. महाडमध्येही त्याच महिन्यात दंगल झाली. तिन्ही ठिकाणची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. ज्या शहरात ९८ वर्षे रथ दर्ग्यापाशी थांबत आला होता, त्याच शहरात हे घडले. आयोगाच्या अहवालात दोन्ही बाजूंच्या साक्षी आहेत. त्या दिवसांचा जळगावचा सर्वांत तपशीलवार इतिहास लेखकांनी लिहिला नाही, तो न्यायाधीशाला लिहावा लागला. आपल्या आठवणलेखांत १९६९ पर्यंत तलाव आणि चिंचा आहेत, आणि मग लेखक एकदम कॉलेजात जातो. त्या मे महिन्यात तो आठ-दहा वर्षांचा असेल, तर त्याने काय पाहिले? शाळा जूनमध्ये उघडली तेव्हा वर्गातली कोणती जागा रिकामी होती? कुणाच्या घराने कुणाला आसरा दिला, आणि कोणत्या घराने दार लावून घेतले? उलट दिशेने दुसरी एक चूक होते. काही तरुण कवींच्या लेखनात फक्त १९७० आहे; तिथे रथ नाही, बहिणाबाईंचे मळे नाहीत, पिंजण नाही. आमच्या मते हे दोन्ही लेख अर्धेच आहेत.

हे सारे निव्वळ वाङ्मयीन दुखणे राहिलेले नाही. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांत लोक ट्रंका उघडून आजोबांचे दाखले शोधू लागले. शेख की शे., पिंजारी की मन्सुरी, एकाच माणसाची तीन कागदांवर तीन नावे. एरंडोलच्या पांडववाड्याचा वाद २०२३ साली उच्च न्यायालयात गेला. अशा वेळी 'आमच्या गावात फार प्रेम होते' हा लेख कुणी पुराव्याला लावत नाही.

मग करायचे काय? गॉफची युक्ती आपल्याला जशीच्या तशी चालणार नाही. मशिदीत कुणाचे बाक नसते. आज पहिल्या सफेत उभा राहिलेला उद्या शेवटच्या सफेत असतो, आणि ते तसेच असायला हवे. कबरस्तानही उपयोगी नाही. आमच्या बहुतेक कबरी कच्च्या, नाव न कोरलेल्या. मग गल्लीने जावे. नळ येण्यापूर्वी कोणत्या विहिरीवर कोण पाणी भरे, तिथून सुरुवात करावी. शाळेचे जनरल रजिस्टर आहे. त्यात मुलाच्या नावापुढे पालकाचा धंदा असतो आणि शाळा सोडल्याचे कारणही असते. महसुलाच्या जुन्या दप्तरात कोतवाल बुके आहेत, त्यांत जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. मोडी वाचणारे थोडे उरले आहेत, त्यांना गाठावे लागेल. आणि काझींच्या घरी निकाहची रजिस्टरे आहेत. नवऱ्याचे नाव, बापाचे नाव, गाव, वकील, साक्षीदार, मेहरची रक्कम. आठवड्याच्या दहा शिलिंगांचे काम ही मेहर करू शकेल. चाळीस-पन्नास वर्षांची पाने ओळीने पाहिली तर कोणत्या मोहल्ल्याची सोयरीक बऱ्हाणपूरकडे होती आणि कोणाची धुळे-मालेगावकडे, हे उमगेल. खानदेशातल्या मे महिन्यात लग्नसराई असते. १९७० च्या मे महिन्याचे पान जळगावच्या रजिस्टरात कसे दिसते, ८ तारखेच्या आधी किती निकाह आहेत आणि नंतर किती, साक्षीदारांत कोण आहे आणि कोण नाही, हे समोर ठेवून लिहिलेला बालपणाचा लेख आम्हाला वाचायचा आहे. त्यात शीरखुर्मा आला तरी आमची हरकत नाही.