धनंजय कीर यांच्या आंबेडकरचरित्रातील वकिली : व्यक्ती, पेशा आणि समूह

धनंजय कीर यांचा जन्म १९१३ साली रत्नागिरीत झाला. ज्यांचे चरित्र त्यांनी लिहिले त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हेही याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे. हा योगायोग येथे अभिमानाने सांगितला जातो. परंतु अभिमानाच्या पलीकडे जाऊन या चरित्राचे चिकित्सक वाचन होणे अगत्याचे आहे. १९५४ साली इंग्रजीत व १९६६ साली मराठीत प्रसिद्ध झालेल्या या चरित्रातील वकिलीविषयक भाग त्या दृष्टीने विशेष विचारार्ह ठरतो.

आंबेडकर १९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली त्यांनी मुंबईत व्यवसाय सुरू केला. सनद मिळाली, पण काम मिळेना. सॉलिसिटर त्यांच्याशी व्यावसायिक संबंधही ठेवावयास तयार नव्हते, त्यामुळे मुफसल न्यायालयांतील कामांवर त्यांना विसंबावे लागले, हे कीरांनी स्पष्टपणे नोंदविले आहे. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरकडे काम जाई ते सॉलिसिटरमार्फतच. पक्षकाराने थेट येण्याची सोय तेथे नव्हती. म्हणजे पेशाचे दार कायद्याने उघडे असले, तरी आतील वाटा ओळखीपाळखीच्या होत्या आणि ओळखी जातीच्या कुंपणातल्या होत्या. अशा स्थितीत १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी चरितार्थाला हातभार लावला.

कीरांची अडचण येथूनच सुरू होते. हा बहिष्कार ते नायकाच्या मार्गातील एक धोंड म्हणून रंगवितात. नायक जिद्दीने ती ओलांडतो आणि कथानक पुढे सरकते. चरित्र या वाङ्मयप्रकाराची ती मर्यादाच म्हणावी लागेल. केवळ कीरांना दोष देणे न्याय्य होणार नाही. तथापि त्यांनीच पुरविलेला तपशील वेगळे काही सुचवितो. १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील बदनामीच्या खटल्यात दिनकरराव जवळकर आणि केशवराव जेधे यांच्या वतीने पुण्यात अपील चालविले ते आंबेडकरांनी, आणि आरोपी निर्दोष सुटले. हे काम कोणत्याही सॉलिसिटरच्या पेढीतून आले नव्हते, ते ब्राह्मणेतर चळवळीतून आले होते. महाडच्या चवदार तळ्याचा दावा तर १९२७ पासून १९३७ पर्यंत चालला. उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या दाव्यात आंबेडकर स्वतः प्रतिवादी होते. पेशाने नाकारलेले जाळे चळवळीने विणून दिले, हा या प्रकरणांचा खरा अर्थ होय. कीर प्रसंग सांगतात, पण हा अर्थ त्यांच्या हातून निसटतो.

आंबेडकरांना मात्र तो पुरता उमगला होता. १९३५ साली ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. एवढ्यावर समाधान न मानता १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि तिच्या वतीने १९५६ साली सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू झाले. एकट्या बुद्धिमंताने दार ठोठावण्यापेक्षा अनेकांनी मिळून आत येणे त्यांना महत्त्वाचे वाटले असावे.

तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहता येईल. तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या लॅटिनो न्यायाधीश सोनिया सोटोमेयर यांनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात प्रिन्स्टनमधील प्वेर्तो रिकन विद्यार्थी संघटनेला महत्त्वाचे स्थान दिले आहे. १९७४ साली या विद्यार्थ्यांनी विद्यापीठातील नेमणुकांविरुद्ध केंद्र शासनाकडे तक्रार केली होती. तेथे यशाच्या कथेत समूह पात्र म्हणून वावरतो. मराठी चरित्रलेखनात तो बहुधा सभेतील गर्दी म्हणून येतो.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. केंद्र शासनाने २०२३ साली संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१८ पासून नेमलेल्या उच्च न्यायालयांच्या ६०४ न्यायाधीशांपैकी अनुसूचित जातींचे १८, अनुसूचित जमातींचे ९ आणि इतर मागासवर्गीय ७२ होते. न्या. भूषण गवई १४ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश झाले. दलित समाजातील ते दुसरे सरन्यायाधीश होत. अशा घटनेचे वर्णन पुन्हा ‘एकाची जिद्द’ या साच्यात होण्याचा धोका आहे, आणि तो साचा बव्हंशी कीरांसारख्या चरित्रकारांनीच घडविला आहे. शमनाद बशीर यांनी २०१० साली सुरू केलेला ‘इडिया’ हा उपक्रम वंचित विद्यार्थ्यांना राष्ट्रीय विधी विद्यापीठांपर्यंत नेतो. पण प्रवेशानंतर कनिष्ठ वकील म्हणून कोण उभे करणार, हा १९२३ चाच प्रश्न शिल्लक राहतो. आपल्याकडील विधी महाविद्यालये अभिरूप न्यायालयाचे चषक मिरवितात, कोणत्या विद्यार्थ्याला कोणत्या वकिलाकडे जागा मिळाली याची नोंद मात्र क्वचितच ठेवतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत आला. कामे, पक्षकार आणि ज्येष्ठ वकिलांची दालने यांची मांडणी तेथे नव्याने होणार आहे. मंडणगड-दापोलीकडून मराठी माध्यमातून शिकून आलेला, घरात कोणीही वकील नसलेला पदवीधर तेथे पोहोचेल, तेव्हा त्याच्या हाती पहिला कागद कोण देईल, हे अद्याप ठरावयाचे आहे.